वितळल्या दगडातला उतावळा वायू

गोटी सोड्याच्या एका लिटरमध्ये साधारण सहा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो. म्हणजे वजनाच्या जेमतेम ०.६ टक्के. त्यासाठी हवेच्या तीन-चार पट दाब पुरतो आणि गोटी आत ढकलली की 'फस्स' करून तो वायू निघून जातो. आता तेवढाच वायू बेसाल्टच्या शिलारसात मुरवून दाखवा. हवेच्या दाबाच्या दहा हजार पटींच्या घरात दाब लागेल आणि एवढा दाब मिळायला शिलारस जमिनीखाली तीसएक किलोमीटर तरी असावा लागेल. पहिली फेरी सोड्याच्या गाडीवाल्याने जिंकली!

जमिनीच्या पोटातल्या वितळलेल्या दगडाची आणि कार्बन डायऑक्साइडची फारशी सलगी नाही, हे या विषयातलं पहिलं सत्य. पाण्याशी मात्र त्याचं गूळपीठ आहे. चारएक किलोमीटर खोलीवर, म्हणजे हवेच्या हजार पट दाबाला, शिलारस वजनाच्या सुमारे तीन टक्के पाणी सहज पोटात ठेवतो. त्याच जागी कार्बन डायऑक्साइडला मिळतो ०.०५ टक्का. साठपट फरक! त्यामुळे शिलारस वर सरकायला लागला, दाब जरा उतरला, की पहिला बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड. पाण्याची वाफ, गंधकाचे वायू सगळे मागून येतात. मिरवणूक निघण्याआधीच हा मांडवातून पसार.

०.०५ टक्का म्हणजे चिमूटभर वाटेल, पण हिशेब करून बघा. एक घनमीटर शिलारसात एवढाच वायू विरघळलेला असला आणि तो भूपृष्ठावर येऊन १२०० अंश तापमानाला मोकळा झाला, तर त्याला साडेतीन घनमीटरांहून जास्त जागा लागते. दगडापेक्षा दगडातला वायू मोठा! ज्वालामुखीच्या फोटोंत लालबुंद लाव्हा मिरवतो, पण त्याला वर ढकलणारे, उडवणारे, फेसाळवणारे वायूच असतात. ते रंगहीन असल्यामुळे कॅलेंडरवर छापले जात नाहीत, इतकंच.

विरघळतो म्हणजे नक्की कुठे जातो?

सगळा शिलारस एका जातीचा नसतो. बेसाल्टच्या रसात सिलिका असते पन्नास टक्क्यांच्या आसपास. रायोलाइटच्या रसात सत्तरच्या वर. सिलिकॉन आणि ऑक्सिजन हातात हात घालून जाळं विणतात. सिलिका जितकी जास्त, तितकं जाळं घट्ट.

बेसाल्टच्या रसात हे जाळं जागोजागी तुटलेलं असतं. तिथे मोकळे ऑक्सिजन सापडतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू त्यातला एक पकडतो आणि कार्बोनेट होऊन बसतो. हे तेच कार्बोनेट, जे चुनखडीत आणि समुद्रकाठच्या शिंपल्यात असतं. रायोलाइटमध्ये असे मोकळे ऑक्सिजन फार कमी. तिथे कार्बन डायऑक्साइड रूप न बदलता, रेणूच्या रेणू, जाळ्यातल्या पोकळ्यांत शिरून राहतो. मधल्या अँडेसाइटमध्ये दोन्ही प्रकार सुखाने नांदतात.

गंमत म्हणजे राहण्याची तऱ्हा इतकी वेगळी असूनही हजार पट दाबाला बेसाल्ट आणि रायोलाइट, दोघांच्या पोटात मावणारा कार्बन डायऑक्साइड जवळपास सारखाच भरतो. रसात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांची चंगळ असेल तर मात्र कार्बोनेटचं फावतं आणि कितीतरी जास्त वायू मावतो. पुढे हिऱ्यांच्या गोष्टीत हे कामाला येईल, लक्षात ठेवा.

प्लॅटिनमच्या नळीतला ज्वालामुखी

हे सगळं कळलं कसं? ३० किलोमीटर खाली कुणी गेलेलं नाही. त्यामुळे खालची परिस्थिती प्रयोगशाळेत आणतात, तीही काही मिलिमीटर रुंदीच्या प्लॅटिनमच्या नळीत.

नळीत दगडाची वस्त्रगाळ पूड भरायची. कार्बन डायऑक्साइड हवा म्हणून सोबत चिमूटभर सिल्व्हर ऑक्झलेट. तापलं की त्याची चांदी होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण हे पांढरं चूर्ण तापट स्वभावाचं आहे, भलत्या वेळी गरम झालं तर स्फोट होतो. म्हणून नळीचं तोंड वेल्डिंगने बंद करताना खालचा भाग गार ठेवावा लागतो. वरच्या टोकाला धातू वितळतोय आणि बोटभर खाली थंडगार, अशी कसरत. मग नळी वजन करून बघायची. तापवून झाल्यावर परत वजन. घटलं असेल तर वायू निसटला, प्रयोग फुकट, पुन्हा पहिल्यापासून.

वजन जुळलं तर तासन्‌तास दाबाखाली भाजलेला हा रस काही सेकंदांत गार करतात. इतक्या झटक्यात, की त्याला स्फटिक व्हायलासुद्धा सवड मिळू नये. सावकाश गार केला तर बुडबुडे येतात आणि वायू हातचा जातो. झटक्यात गार केला की त्याची काच होते आणि वायू जिथल्या तिथे कोंडला जातो. ही काच दोन्ही बाजूंनी घासून कागदासारखी पातळ करायची आणि तिच्यातून अवरक्त प्रकाश सोडायचा. कार्बोनेट एका तरंगलांबीचा प्रकाश खातं, कार्बन डायऑक्साइडचा रेणू दुसऱ्या. कोणता प्रकाश किती कमी झाला, यावरून कोण किती आहे ते कळतं.

एका आकड्यासाठी एवढी उस्तवार. पाठ्यपुस्तकात तो आकडा एका ओळीत उरकलेला असतो, त्याची भरपाई म्हणून हे जरा तपशिलात सांगितलं.

थेंब खोटं बोलत होता

ज्वालामुखीच्या पोटातला मूळ शिलारस आपल्या हाती लागत नाही. येतो तो वायू गमावलेला लाव्हा. मग मूळ रसात किती कार्बन होता, हे कसं शोधायचं?

निसर्गाने नमुने ठेवलेत. शिलारसात ऑलिव्हिन नावाच्या खनिजाचे हिरवट स्फटिक वाढत असतात. वाढता वाढता ते भोवतालच्या रसाचे बारीक थेंब पोटात घेतात. आकार मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा वगैरे. स्फटिकाच्या भिंती मजबूत, त्यामुळे बाहेर दाब उतरला तरी आतला थेंब खोलीवरच्या दाबाची आठवण धरून राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तपकिरी काचेचा गोल थेंब आणि त्याच्या आत एक काळसर बुडबुडा दिसतो.

संशोधक वर्षानुवर्षं या काचेतला कार्बन डायऑक्साइड मोजत आणि बुडबुडा सोडून देत. पुढे लेझरच्या प्रकाशात बुडबुडाही तपासला जाऊ लागला आणि माल सापडला! स्फटिक गार होताना थेंब आक्रसतो, जागा रिकामी होते, बुडबुडा तयार होतो आणि कार्बन डायऑक्साइड लगबगीने त्यात शिरतो. किती? कित्येकदा थेंबातला निम्म्याहून जास्त. म्हणजे काचेवर विसंबून काढलेले पुष्कळ जुने आकडे कमी भरले होते आणि त्यावरून काढलेली शिलारसाची खोलीही उथळ आली होती. तिजोरी तपासली आणि खिसा राहून गेला, असा प्रकार.

डेकवर फुटणारे दगड

१९८५ साली अटलांटिक महासागराच्या मधल्या पर्वतरांगेवरून, १४ अंश उत्तर अक्षांशाजवळ, समुद्रतळाचे काही दगड जहाजावर ओढून आणले. डेकवर पडल्या पडल्या ते तडतड फुटायला लागले. या बेसाल्टमध्ये वायूने गच्च भरलेले बुडबुडे होते. हजारो मीटर पाण्याखाली दाब बरोबरीचा होता, तोवर सगळं शांत. वर आल्यावर बाहेरचा दाब गेला आणि बुडबुड्यांनी भिंती फोडल्या.

पृथ्वीच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, मुळात किती कार्बन आहे, याचा अंदाज बांधायला शास्त्रज्ञांना या फुटक्या दगडांचा मोठा आधार झाला, कारण त्यांनी वायू गमावलेलाच नव्हता. २०१६ मध्ये आल्विन या पाणबुडीतून शास्त्रज्ञ पुन्हा त्याच भागात गेले आणि असे दगड जागेवरून उचलून आणले.

आधी निघणारा म्हणून आधी कळवणारा

इटलीतल्या स्ट्राँबोली ज्वालामुखीच्या माथ्यावर वायू मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत. त्यांचं लक्ष असतं ते कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावर. गंधक शिलारसातून बऱ्याच वरच्या थरात सुटतं, कार्बन कितीतरी खोलवर. गुणोत्तर एकदम चढलं, तर खाली ताजा, वायूने भरलेला माल आला असं समजायचं. तिथल्या काही मोठ्या स्फोटांच्या आधी असा चढ नोंदला गेला आहे. दर वेळी इशारा मिळेलच याची खात्री नाही, पण भूकंपमापकाच्या जोडीला हा दुसरा साक्षीदार हाताशी आहे.

मग जगभर उपग्रहांनी हेच का मोजत नाहीत? कारण हवेत आधीच दशलक्ष भागांत ४२० हून जास्त भाग कार्बन डायऑक्साइड आहे. त्या गर्दीत ज्वालामुखीची भर ओळखणं कठीण. सल्फर डायऑक्साइड हवेत एरवी नसल्यातच जमा, त्यामुळे त्याचा ढग उपग्रहाला लगेच दिसतो. जो वायू सगळ्यात आधी बातमी देतो, तोच दुरून दिसायला सगळ्यात अवघड!

जाता जाता: व्हेसूव्हियसच्या खाली चुनखडीचे जाड थर आहेत. शिलारस तो चुनखडीचा खडक भाजतो आणि त्यातला कार्बन डायऑक्साइडही मोकळा होतो. म्हणजे या ज्वालामुखीच्या तोंडून निघणारा काही कार्बन मुळात प्राचीन समुद्रातल्या प्राण्यांच्या कवचांचा असतो.

धुण्याच्या सोड्याचा लाव्हा

आतापर्यंत दगडात कार्बन थोडाथोडका होता. टांझानियात एक डोंगर आहे जिथे अख्खा लाव्हाच कार्बोनेटचा. नाव ओल् डोइन्यो लेंगाई. मसाई लोकांचा हा देवाचा डोंगर, उंची तीन हजार मीटरच्या जवळपास. सध्याच्या काळात असा लाव्हा ओकणारा हा जगातला एकमेव ज्वालामुखी.

त्याचे नखरे वेगळेच आहेत. हवाईचा बेसाल्ट ११०० अंशांच्या वर तापलेला असतो, हा ५०० ते ६०० अंशांतच वितळतो. त्यामुळे दिवसाउजेडी तो लाल दिसतच नाही. काळाशार, चिखलाच्या पाण्यासारखा पातळ आणि भलताच चपळ. रात्री मात्र मंद तांबूस चमक दिसते. गार झाल्यावर हवेतला ओलावा लागला की काही तासा-दिवसांत काळ्याचा पांढरा होतो, त्यामुळे लांबून वाटतं डोंगरावर बर्फ पडलंय. त्यात मुख्यतः असतं सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, सोबत पोटॅशियम आणि कॅल्शियमची कार्बोनेटं. त्यातल्या एका खनिजाला टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचं नाव दिलंय, न्येरेराइट. कुणा नेत्याच्या नावाने चौक असतो, कुणाच्या नावाने विमानतळ. लाव्हातलं खनिज नावावर असणं हा मान मात्र दुर्मीळ.

पण या डोंगराचा खरा पराक्रम म्हणजे त्याने मिटवलेलं भांडण. नॉर्वेच्या ब्रॉगर यांनी १९२१ साली तिथल्या फेन गावाजवळच्या खडकांचा अभ्यास करून सांगितलं, की कार्बोनेटचा खडक शिलारसापासूनही तयार होतो. त्या काळी हे ऐकून भूशास्त्रज्ञांनी कपाळाला आठ्या घातल्या. चुनखडी तापवली तर वितळण्याआधीच तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून चुना उरतो, हे तर भट्टीवाल्यालाही माहीत! नॉर्मन बोवेन हे तेव्हाचं फार मोठं नाव. त्यांनी फेनचे खडक स्वतः तपासले आणि म्हटलं, हे शिलारसाचं काम नाही, गरम पाण्याने जुन्या खडकांचं रूप पालटलंय. वाद चाळीस वर्षं धुमसत राहिला.

१९६० साली दोन गोष्टी घडल्या. प्रयोगशाळेत वायली आणि टटल यांनी दाखवून दिलं, की पाणी आणि दाब यांच्या संगतीत कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, बऱ्याच कमी तापमानाला वितळतं. आणि त्याच वर्षी डॉसन नावाच्या भूशास्त्रज्ञाने लेंगाईच्या विवरात कार्बोनेटचा लाव्हा वाहताना पाहिला. वाहणाऱ्या लाव्हाशी कोण वाद घालणार?

असा खडक बघायला टांझानियाला जायची गरज नाही. नंदुरबारच्या उत्तरेला, नर्मदेपलीकडे, गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात अंबाडोंगर आहे. तिथलं कार्बोनेटाइटचं, म्हणजे अशाच खडकाचं, कडं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, म्हणजे आपला दख्खनचा लाव्हा उसळत होता त्याच सुमाराचं. फ्लोराइटच्या खाणीसाठी ते ठिकाण ओळखलं जातं. एवढ्या मोठ्या गोष्टीला सहलीच्या नकाशावर जागा नाही, याचं वाईट वाटतं.

हिऱ्यांना घाई का असते?

हिरे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार होतात. वर येतात किंबरलाइट नावाच्या शिलारसातून. हा प्रवास रेंगाळला तर वाटेत हिऱ्याचं ग्रॅफाइट व्हायची भीती. पण किंबरलाइट तासांत, फार तर काही दिवसांत, वर पोचतो. पोटात जड खडकांचे तुकडे असताना एवढा वेग आणतो कुठून?

मघाची गोष्ट आठवा: सिलिका कमी आणि कॅल्शियम-सोडियम जास्त, तर कार्बन डायऑक्साइड भरपूर मावतो. २०१२ साली मांडला गेलेला विचार असा. हा शिलारस खाली जवळजवळ कार्बोनेटचाच असतो. वर येताना तो वाटेतल्या खडकांतलं ऑर्थोपायरॉक्सीन हे सिलिकायुक्त खनिज गिळत येतो. जितकी सिलिका पोटात जाते, तितकी वायू धरून ठेवायची ताकद कमी होते. वायू सुटतो, रस फेसाळतो, फेसाळला की हलका होतो, हलका झाला की आणखी जोरात वर. जितकं खाणार तितकं पळणार! जिभेवर ताबा नसल्याचा असा फायदा दुसऱ्या कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही.

आंध्र प्रदेशात अनंतपूरकडे वज्रकरूर गावाच्या परिसरात असे किंबरलाइटचे नळ आहेत. पावसाळ्यात पहिल्या सरी पडून गेल्या की तिथे आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात आणि माना खाली घालून शेतं धुंडाळतात. कुणाला कधी हिरा सापडतोही.

कुत्र्याची गुहा, मेलेली झाडं आणि एक काळी रात्र

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. जमिनीतून निघाला की खोलगट भागात साठून राहतो. नेपल्सजवळ कांपी फ्लेग्रेई या ज्वालामुखी प्रदेशात एक छोटी गुहा आहे, तिचं नावच 'कुत्र्याची गुहा'. एकेकाळी वाटाडे पर्यटकांना गंमत म्हणून कुत्रा आत नेऊन दाखवत. माणसाचं नाक वर, त्यामुळे माणूस ठीक. कुत्र्याचं नाक जमिनीलगत, तो बेशुद्ध पडायचा. मग त्याला बाहेर आणून शेजारच्या तळ्यात बुडवून शुद्धीवर आणत. पुढचा पर्यटक आला की पुन्हा तोच खेळ. त्या बिचाऱ्या जनावरांना विचारायची पद्धत नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनखाली १९८९ साली छोट्या भूकंपांची मालिका झाली. पुढच्या वर्षापासून तिथल्या हॉर्सशू तलावाकाठची झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली. आधी दुष्काळावर, किडीवर संशय गेला. माती तपासली तेव्हा मुळांभोवतीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला निघाला. पानांना जो वायू हवाहवासा, त्यानेच मुळांचा श्वास कोंडला. लाव्हाचा एक थेंबही वर आला नव्हता.

आणि न्योस. कॅमेरूनमधलं २०० मीटरहून खोल विवराचं तळं. खालच्या शिलारसातून सुटलेला वायू वर्षानुवर्षं तळाच्या गार पाण्यात विरघळत राहिला. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री पाणी उलथलं आणि सगळा वायू एकदम बाहेर पडून दऱ्यांतून खाली वाहत गेला. सुमारे १,७०० माणसं आणि हजारो गुरं झोपेतच गेली, काही तर वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या वस्त्यांतली. २००१ पासून तळ्यात उभा पाइप सोडून तळाचं पाणी कारंज्यासारखं वर काढतात, म्हणजे वायू थोडा थोडा निघून जातो. एकदा पंपाने पाणी चढवून दिलं की पुढे पंप लागत नाही. बुडबुडे पाणी आपणच वर खेचतात.

आपल्या पायाखालचं प्रकरण

आता घरचा विषय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. आज उरलेला विस्तारच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि सह्याद्रीत थरांची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. डायनोसॉर संपले तेही याच सुमारास, त्यामुळे लघुग्रहाला दोष द्यायचा की दख्खनला, हा खटला अजून रंगतो.

त्यात एक जुनं कोडं आहे. डायनोसॉर नष्ट होण्याच्या काही लाख वर्षं आधी पृथ्वी काही अंशांनी तापली होती. पण लाव्हाचा मोठा भाग तर त्यानंतर बाहेर पडलाय, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. मग आधीच गरमी कुठून? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दख्खनच्या बेसाल्टमधले ते बारीक थेंब, बुडबुड्यांसकट, तपासले गेले. शिलारसात कार्बन डायऑक्साइड भरपूर होता, असं निघालं. त्यावरून मांडणी अशी, की शिलारसाचा मोठा साठा वर न येता कवचातच मुरला आणि त्याच्यातला वायू तेवढा लाव्हाच्या आधी गळत राहिला. आपल्या उतावळ्या पाहुण्याच्या स्वभावाला धरूनच आहे हे. सगळे भूशास्त्रज्ञ यावर सही करणार नाहीत, पण मला तरी ही मांडणी पटते. दाब उतरताच जो पहिला पळतो, तो लाव्हासाठी थांबेल कशाला?

गडावर चढताना कातळात भोकं दिसतात, ती वायूच्या बुडबुड्यांची. त्यांचं मोठं श्रेय मात्र पाण्याच्या वाफेला द्यायला हवं. लाव्हा पृष्ठभागावर येईपर्यंत कार्बन डायऑक्साइड बराचसा आधीच निघून गेलेला असतो. विहीर खणणारे अशा भोकांच्या खडकाला 'मांजऱ्या' म्हणतात. घट्ट काळ्या पाषाणाच्या मानाने तो लवकर झिजतो, पाणी धरतो, म्हणून मांजऱ्या लागला की विहीरवाल्याच्या जिवात जीव येतो.

पुढे या भोकांत पाणी झिरपलं आणि त्यातून खनिजं जमली. जळगावकडची अपोफिलाइट, पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतली निळीशार कॅव्हनसाइट, गुलाबी-पांढरे स्टिलबाइट. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत महाराष्ट्राच्या नावाने मांडलेली ही रत्नं मुळात वायूने करून ठेवलेल्या जागेत वाढली. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ती पाहता येतात. त्यांच्या शेजारी मधाच्या रंगाचं कॅल्साइटही दिसेल. तेही कार्बोनेटच. मूळ शिलारसातला कार्बन केव्हाच हवेत गेला. नंतर पाण्याबरोबर आलेला कार्बन त्या रिकाम्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिला.

चंद्रावर वेगळाच वायू

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे भूशास्त्रज्ञ-अंतराळवीर हॅरिसन श्मिट यांना चंद्रावरच्या राखाडी मातीत एकदम नारिंगी पट्टा दिसला. तपासल्यावर ते निघाले काचेचे इवलेसे मणी, साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या लाव्हाच्या कारंज्यांतून उडालेले. कारंजी उडायला वायू हवा. चंद्राच्या शिलारसात ऑक्सिजनची चणचण, त्यामुळे तिथे कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइडचं राज्य. वर येताना रसातल्या कार्बनने ऑक्सिजन हिसकावला, कार्बन मोनॉक्साइड सुटला आणि त्याने कारंजी उडवली, असा आजचा कल आहे.

बुध ग्रहावर ऑक्सिजनची टंचाई याहून भारी. तिथे आरंभीच्या शिलारसाच्या समुद्रात कार्बन नीट विरघळलाच नसावा. त्याचं ग्रॅफाइट झालं, ते हलकं म्हणून वर तरंगलं आणि ग्रहाला काळपट रंग आला, असं काही शास्त्रज्ञ मानतात. मेसेंजर यानाला तिथल्या गडद भागांत कार्बनच्या खुणा मिळाल्या आहेत. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतलं 'शिसं'. शुक्राची तऱ्हा उलटी: वातावरणात ९६ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड आणि दाब पृथ्वीच्या नव्वदपट. तिथे लाव्हा बाहेर पडला तरी वायूला मोकळं व्हायची मुभा थोडी कमीच.

ज्वालामुखी विरुद्ध आपण

'ज्वालामुखी एवढा धूर सोडतात, मग आमच्या गाड्यांना का बोलता?' असा फॉरवर्ड प्रत्येक ग्रुपवर येतो. हिशेब असा. जगातले सगळे ज्वालामुखी, जमिनीवरचे आणि समुद्राखालचे, मिळून वर्षाला साधारण ३० ते ४० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतात. माणूस इंधन जाळतो त्यातून निघतो वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास. सगळ्या ज्वालामुखींचं वर्षाचं काम आपण तीन-चार दिवसांत उरकतो. १५ जून १९९१ ला फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला, तो विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक. त्यातून अंदाजे पाच कोटी टन निघाला. आपला अर्धा दिवस! फॉरवर्ड करणाऱ्या काकांना हे पाठवायला हरकत नाही.

उलट दिशेचा उद्योग आइसलंडमध्ये चालू आहे. हेल्लिशेइदी इथल्या भूऔष्णिक वीजकेंद्राजवळ कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून खालच्या बेसाल्टमध्ये सोडतात. बेसाल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह त्याला पकडतात आणि कार्बोनेटचा दगड होतो. याला शेकडो वर्षं लागतील अशी समजूत होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला होता. दख्खनच्या बेसाल्टवरही अशा शक्यता तपासल्या जात आहेत. पण आपले थर, त्यातलं पाणी आणि भेगा आइसलंडसारख्या नाहीत, त्यामुळे तिथला आकडा इथे जसाच्या तसा चिकटवू नये.

आइसलंडच्या त्या प्रयोगात मधेच एक अडचण आली. निरीक्षणासाठी खणलेल्या विहिरीतला पंप बंद पडला. वर काढून पाहिला तर त्यावर कॅल्साइटचं कीट चढलेलं. पंप बिघडल्याचा इतका आनंद जगात क्वचितच कुणाला झाला असेल.